वऱ्हाडी ऐकली की हसायचंच का?

वर्ष संपलं की 'टॉप टेन' काढायची पद्धत आहे. मी यादी काढत नाही. यंदा नवे-जुने सिनेमे सरमिसळ पाहिले आणि शेवटी डोक्यात एकच प्रश्न उरला: आपल्या अमरावती-अकोल्याकडची बोली पडद्यावर बोलतं कोण?

बहुतेक वेळा विनोदी पात्र. 'काऊन बे?' म्हटलं की थिएटर हसलंच म्हणून समजा. भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडी घराघरांत नेली, याचं कौतुक आहेच. पण लोकांना सवय लागली ती नुसती हसायची.

आता सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) बघा. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केलेली. आपला नवराही तसंच काही करेल, या धास्तीनं अलका (सोनाली कुलकर्णी) पोराला त्याच्या मागे पाळतीवर लावते. हसू इथेही येतं, पण परिस्थितीचं. बोलीचं नाही. आणि ते घशातच अडकतं.

'नाळ' (२०१८) मधला चैत्या घ्या. आईनं आपल्याला जन्म दिलेला नाही हे कळल्यावर तो जे बोलतो, ते पुस्तकी मराठीत बोलला असता तर इतकं लागलं असतं का? या भूमिकेसाठी श्रीनिवास पोकळेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्याआधीचा राजदत्त यांचा 'देवकीनंदन गोपाला' (१९७७), गाडगेबाबांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. बाबा मूळचे आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. कीर्तनात याच बोलीत साधे प्रश्न विचारून त्यांनी लोकांना कर्ज, दारू, अंधश्रद्धेबद्दल विचार करायला लावलं. ही भाषा फक्त टाइमपासची असती, तर हे जमलं असतं?

कुणी म्हणेल, बोलीतला सिनेमा सगळ्यांना कळायला नको? अहो, 'सैराट' (२०१६) मधली आर्ची करमाळ्याकडचं बोलली, ते अख्ख्या महाराष्ट्राला कळलं! कळण्याचा प्रॉब्लेम नाहीच. प्रश्न आहे तो बोलणाऱ्याला हिरो मानायचं की जोकर, एवढाच.

याचा परिणाम सिनेमापुरता राहत नाही, मंडळी. आपली पोरं हिंजवडीत जॉइन झाली की आठवड्याभरात 'मले'चं 'मला' होतं. घरून फोन आला की आवाज खाली येतो, नाहीतर उठून बाहेर जातात. पंजाबी टीममेट मात्र आईशी बिनधास्त पंजाबीत बोलतो.

असो. वरच्या तीनपैकी एक तरी सिनेमा या वीकेंडला पाहा. जमलं तर सबटायटल लावून, अमराठी रूममेटसोबत. आणि मधेच घरून फोन आला, तर तिथंच बसून बोला.