दाराशेजारची विजेची फळी

दिवाळी जवळ आली कीं घरोघर भिंतींस रंग लागतो, तांब्यापितळेचीं भांडीं चिंच लावून लख्ख होतात, माळ्यावरची अडगळ खालीं येते. परंतु दाराशेजारच्या विजेच्या फळीवरील धूळ मात्र जशीच्या तशी राहते. अहिल्यानगर जिल्ह्यांत, नगर शहरांत काय किंवा संगमनेर, श्रीगोंदें, पाथर्डी या गांवांत काय, जुन्या वाड्यांतून ही फळी अद्याप पाहावयास मिळते: सागवानी पाट, त्यावर लोखंडी मेन स्विच आणि चिनी मातीचे चारसहा पांढरे किटकॅट. तिच्याविषयीं चार गोष्टी आज वाचकांपुढें मांडावयाच्या आहेत.

प्रथम रक्षक कोण आणि रक्ष्य कोण, याचा निर्णय केला पाहिजे. फ्यूज हा पंख्याच्या किंवा फ्रिजच्या रक्षणासाठीं आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाहीं. फ्यूज मुख्यतः रक्षण करतो तें भिंतींतील तारेचें. तारेंतील प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट न होतां चौपट होते. ती तार लाकडी पट्टींतून, तक्तपोशीच्या मागून गेलेली असेल तर तिचा दाह कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. वास येतो तेव्हां लाकूड करपूं लागलेलें असतें. म्हणून भिंतींतली तार तापण्यापूर्वीं फळीवरची बारीक तार वितळावी, अशी ही योजना आहे. ५ अँपिअरच्या फ्यूजला सुमारें ०.२ मिलिमीटर जाडीची कल्हई केलेली तांब्याची तार लागते. ती वारंवार जळते म्हणून तिच्या जागीं जाड तार पीळ देऊन बसविली, तर दिवे जाणें थांबतें खरें. परंतु पहारेकऱ्याच्या तोंडांत बोळा कोंबल्यावर तो ओरडत नाहीं, तितकेंच त्यांत समाधान!

हा बोळा कोंबण्याची पाळी कां येते? ४० वॅटचे पांच दिवे मिळून २३० व्होल्टवर एक अँपिअरहि घेत नाहींत. उलट २००० वॅटच्या एकट्या गीझरला पावणेनऊ अँपिअर लागतात. त्यांत १००० वॅटची इस्त्री व ५०० वॅटचा मिक्सर मिळाला कीं आंकडा पंधरांच्या पलीकडे जातो. एकत्र कुटुंबांत आणखी एक गोष्ट घडते. भावाभावांच्या चुली वेगळ्या होतात, माडीवर नवें स्वयंपाकघर निघतें आणि फळीवर जागा नसल्यामुळें नव्या खोलीची तार जुन्याच किटकॅटच्या स्क्रूखालीं जोडली जाते. दोन बिऱ्हाडांचा भार एका फ्यूजवर पडून तो जळूं लागतो. मग त्यांत जाड तार येते आणि दोन्हीं बिऱ्हाडांच्या तारा एकदमच अरक्षित होतात.

ज्यांचीं मुलें अमेरिकेंत जुनीं घरें घेऊन राहिलीं आहेत, त्यांस याच दोषाचें सुधारलेलें रूप तेथें आढळेल. एका खटक्याच्या जागेंत दोन अरुंद खटके बसविलेले असतात; त्यांस टँडेम ब्रेकर म्हणतात. जागा वांचते, पण पेटीची शक्ति वाढत नाहीं. म्हणून १९६५ च्या नियमांपासून पेट्यांची घडणच अशी होऊं लागली कीं ठरलेल्या जागींच असे जोडखटके बसावेत. त्यापूर्वींच्या पेट्यांकरितां अडकण नसलेले जोडखटके बदलीसाठीं मिळतात. ते नव्या पेटींत दडपून बसविणें हाच तेथील अपराध. पेटीच्या झांकणाआंतील कागदावर कोणत्या जागीं जोडखटका चालतो तें लिहिलेलें असतें. शिवाय जोडखटक्याचीं दोन्हीं अंगें एकाच फेजवर असतात. पूर्वीं दोन फेजांवर असलेल्या व एकच न्यूट्रल वापरणाऱ्या तारा त्यावर आणल्या, तर न्यूट्रलमधील प्रवाह वजा न होतां त्यांची बेरीज होते, आणि त्या तारेला कोणताच पहारा नसतो. बदलीचा खटका पेटीच्या कागदावर सांगितलेल्या जातीचाच घ्यावा. जागा अपुरी असल्यास मोठी पेटी बसवावी.

आतां आपल्या फळीची परीक्षा. हात न लावतां पाहावें: एका स्क्रूखालीं दोन तारा आहेत काय? चिनी माती काळवंडली आहे काय? गीझर लावतांच दिवे मंद होतात काय? जुन्या पद्धतीनें न्यूट्रलवरहि किटकॅट आहे काय? हा शेवटचा दोष विशेष फसवा. न्यूट्रलचा फ्यूज जळला तर दिवा विझतो, पण तारेंत वीज तशीच असते.

किटकॅट काढून एमसीबी बसविणें हा उपाय योग्यच. जर्मनींतील मॅनहाइम येथील ह्यूगो श्टोट्झ यांनीं १९२४ सालीं हा आपोआप पडणारा खटका सिद्ध केला. परंतु त्याचा आंकडा उपकरणावरून ठरवूं नये, तारेवरून ठरवावा. तांब्याची तार साधारण १.५ चौरस मिलिमीटर असल्यास १० अँपिअर, २.५ असल्यास १६, आणि ४ असल्यास २० असा मेळ ठेवावा. खटका पडतो म्हणून मोठा खटका लावणें म्हणजे जाड तारेचीच पुनरावृत्ति होय.

एमसीबी मनुष्यास वांचवीत नाहीं, हेंहि ध्यानांत असावें. ६ अँपिअरच्या खटक्यास ज्याची गणतीहि नाहीं, इतका अल्प प्रवाह प्राण घेऊं शकतो. त्यासाठीं ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी निराळा लागतो, आणि त्याबरोबर नीट अर्थिंगहि. जुन्या वाड्यांत तो बसवितांच वारंवार पडूं लागतो. मग त्यास सदोष ठरवून काढून टाकतात. बहुधा तो भिंतींतली गळती किंवा खोल्यांचे एकत्र झालेले न्यूट्रल दाखवीत असतो. तो दोष शोधून काढावा. त्याचें परीक्षणाचें बटण महिन्यांतून एकदां दाबून पाहावें.

हें काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करवावें. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडच्या तारांत वीज असतेच. भार वाढला असेल तर महावितरणकडे अर्ज करून मंजूर भारहि वाढवून घ्यावा.

राहिला खर्च. वांटणी झालेल्या वाड्यांत आपापल्या खोलीचा रंग ज्याचा तो देतो. फळी मात्र सर्वांची, म्हणून कोणाचीच नाहीं. पण खालच्या तारेनें धरलेली आग माडीवरच्या हिश्शाचा उतारा पाहावयास थांबत नाहीं. यंदा रंगाचा विचार करण्यापूर्वीं सर्व भावांनीं एकत्र बसून या फळीचा खर्च वांटून घ्यावा, इतकेंच आमचें सांगणें आहे.