तलफ कोठे दडून बसते?



भुसार व्यापारातील एका परिचित गृहस्थांची हकिगत, त्यांच्या अनुमतीने व नाव न देता, येथे सांगतो. वय ५४. सकाळी मंदिर, मग पेढी, सूर्यास्तापूर्वी भोजन. सर्व काही रीतीला धरून. मात्र गोदामाच्या आडोशाला दिवसाकाठी दहा-बारा सिगारेटी, आणि त्या गेली पंचवीस वर्षे. घरी वास येऊ नये म्हणून खिशात लवंगा असत. गतवर्षी छातीत दुखू लागले, तेव्हा हृदयरोगतज्ज्ञांनी सिगारेट सोडण्यास निक्षून सांगितले. त्यापूर्वी त्यांनी तीनदा सोडून पाहिली होती. एकदाही पंधरवडा टिकला नव्हता. "माझ्यात निग्रहच नाही," असे ते मला म्हणाले.

मी विचारले, "पर्युषणात उपवास करता, त्या दिवशी काय होते?"

थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "त्या दिवशी फारशी आठवणही होत नाही. दुसऱ्या दिवशी पारणे झाले, की मात्र जीव राहत नाही."

त्यांच्या या उत्तरातच त्यांच्या प्रश्नाची उकल होती. रक्तातील निकोटीन साधारणपणे दोन तासांत निम्म्यावर येते. तलफ ही निव्वळ शरीराची मागणी असती, तर उपवासाच्या संध्याकाळी ती असह्य व्हावयास हवी होती. तसे झाले नाही. कारण त्या दिवशी 'ओढू की नको' हा प्रश्नच मनात शिल्लक नव्हता.

तेल अवीव विद्यापीठातील रूवेन दार व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट विमानातील धूम्रपान करणाऱ्या कर्मचाऱ्यांमध्ये तपासली. त्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काही उड्डाणे तीन ते साडेपाच तासांची होती, काही दहा ते तेरा तासांची. विमानात सिगारेट ओढणे शक्यच नसते. लांबच्या प्रवासात तलफ अधिक वाढेल, असे आपणांस वाटेल. परंतु दोन्ही प्रवासांच्या शेवटी ती जवळजवळ सारखीच आढळली. छोटे उड्डाण संपताना जी तलफ उसळत होती, ती लांबच्या उड्डाणात तितकेच तास लोटल्यावर पुष्कळच कमी होती. सिगारेट सोडून किती वेळ गेला यापेक्षा ती पुन्हा केव्हा मिळणार, या अपेक्षेवर तलफ अधिक अवलंबून होती.

याचा अर्थ शरीराचा त्रास खोटा आहे, असा मुळीच नाही. सिगारेट सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस चिडचिड, अस्वस्थता आणि झोपमोड अधिक जाणवते. पुढील काही आठवड्यांत ती ओसरत जाते. त्यासाठी निकोटीनचा च्युइंगगम किंवा अन्य औषधे आहेत, आणि ती वैद्यकीय सल्ल्याने घेण्यात कमीपणा नाही. परंतु शरीर सावरल्यानंतरही, महिन्या-दोन महिन्यांनी, चहाचा पेला हाती येताच जे बोट खिशाकडे वळते, ते सवयीचे. तिच्यावर औषधाची गोळी पुरी पडत नाही.

मग या गृहस्थांनी काय केले? व्यापाऱ्याला जमते तेच. एक छोटी वही घेतली आणि आठवडाभर कीर्द लिहिली: प्रत्येक सिगारेटची वेळ, जागा, सोबत कोण होते आणि मनात काय चालले होते. सोडण्याचा प्रयत्न त्या आठवड्यात केला नाही, नुसती नोंद केली. आठवड्याअखेर खतावणी केली, तेव्हा अवघी चार खाती निघाली: चहाचे, लिलाव आटोपल्यानंतरचे, थकलेल्या उधारीच्या फोननंतरचे आणि सोबतीचे. शरीराने खरोखर मागितली म्हणून ओढलेल्या सिगारेटी फारच थोड्या होत्या. पंचवीस वर्षे ज्याला ते एकच शत्रू समजत होते, ते चार निरनिराळे देणेकरी निघाले. आणि प्रत्येकाशी व्यवहार वेगळा करावयास हवा होता.

चहा गोदामामागे घेणे बंद करून ते गादीवर बसून घेऊ लागले. लिलावानंतर सिगारेटच्या निमित्ताने मिळणारी पाच मिनिटांची उसंत मात्र त्यांनी सोडली नाही, कारण खरी गरज तिचीच होती. ती पाच मिनिटे ते यार्डाच्या फाटकापर्यंत जाऊन येऊ लागले. उधारीच्या फोननंतर राग निवेपर्यंत दीर्घ श्वास घ्यावयाचा. सिगारेट ओढताना आपण नकळत दीर्घ श्वासच घेत असतो, येथे तो धुराविना घ्यावयाचा. सोबत्यांना मात्र त्यांनी सरळ सांगितले, "मला देऊ नका."

तरीही तलफ येतच असे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी अशा वेळी तलफेकडे लाटेप्रमाणे पाहण्यास शिकविले. तिच्याशी झुंजू नये, तिला शरणही जाऊ नये. ती चढते कशी, कळसाला पोहोचते कशी आणि ओसरते कशी, एवढेच पाहावे. बहुधा काही मिनिटांत ती उतरते. सामायिकाच्या ४८ मिनिटांत मनात उठणारे विचार उठू देऊन त्यांच्या मागे न जाण्याचा ज्यांना सराव आहे, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

व्रताचाही येथे उपयोग आहे, पण मुदतीच्या. नवकारसीचे पच्चक्खाण सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपुरतेच असते, म्हणून तर ते निभावते. या गृहस्थांनी आधी दुपारच्या भोजनापर्यंत, मग सूर्यास्तापर्यंत आणि नंतर दिवसभर असे नियम घेतले. रोज नवे घेतले. 'कमी करीन' या शब्दांत पळवाट असते, तर 'आज नाही' या शब्दांत प्रश्न मिटलेला असतो.

सहाव्या आठवड्यात एका मोठ्या येण्यावर पाणी सोडण्याची वेळ आली आणि त्यांनी एक सिगारेट ओढली. पूर्वी अशा वेळी 'आता मोडलेच' म्हणून ते अख्खे पाकीट विकत घेत. माणूस पुन्हा व्यसनात पडतो तो बहुधा त्या एका सिगारेटने नव्हे, तर तिच्यानंतर स्वतःला दिलेल्या शिव्याशापांनी, हेही मार्लॅट यांनीच दाखविले आहे. एका दिवसाच्या तोट्याने कोणी पेढीला कुलूप लावीत नाही. त्यांनी तीही सिगारेट कीर्दीत लिहिली आणि रात्री ती वही पत्नीपुढे ठेवली.

त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, मला केव्हापासून ठाऊक आहे. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

आपल्या समाजात या व्यसनाची लाज मोठी, ती असावीही. परंतु लाजेने माणूस सिगारेट सोडतोच असे नाही, पुष्कळदा तो आडोसा तेवढा शोधतो. आणि सवय वाढते ती आडोशालाच. तेव्हा घरातील मंडळींनी टोमणे मारू नयेत, खिसे तपासू नयेत. 'आज कसे गेले?' एवढे विचारावे. आणखी एक सूचना: सिगारेटच्या जागी सुपारी येऊ देऊ नये, तीही कर्करोगास कारणीभूत ठरते. बडीशेप किंवा धणाडाळ पुरेशी आहे.

ज्यांना घरी बोलणे अवघड वाटते, त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे. आमचे हे गृहस्थ अजूनही ती वही जवळ बाळगतात. गेल्या सात महिन्यांची पाने कोरी आहेत. व्यापारात कोरे पान पाहून त्यांना प्रथमच आनंद झाला, असे ते म्हणतात. आपल्यापैकी कोणास अशी वही सुरू करावयाची असेल, तर चातुर्मासाची वाट पाहू नये. पहिल्या आठवड्यात काहीही सोडावयाचे नाही, फक्त खरे लिहावयाचे आहे.