जर्मन वैमानिकाची गुंडी आणि बाबुरावांची मोरपिसे

१/ गेल्या हिवाळ्यात चंद्रपुरात लघुप्रतिकृतींचे एक छोटेसे प्रदर्शन पाहिले. एका मेजावर दुसऱ्या महायुद्धातले ‘आराडो १९६’ हे जर्मन सागरी विमान आणि त्याचे दोन वैमानिक, उंची जेमतेम साडेपाच सेंटिमीटर. शेजारच्या मेजावर १८५८ चे बाबुराव शेडमाके. पहिल्या मेजाने थक्क केले, दुसऱ्याने अस्वस्थ. हा धागा त्या अस्वस्थतेविषयी आहे.

२/ हे विमान जर्मन युद्धनौकांवरून उडे. साहजिकच नवखा कलाकार त्याच्या वैमानिकांना नौदलाचा गडद निळा पोशाख चढवतो. ती चूक आहे. जर्मनीत उडणारे बहुतेक सारे काही गोअरिंगच्या वायुदलाच्या ताब्यात होते. त्यामुळे नौकेवरच्या वैमानिकाचा गणवेशही वायुदलाचा, निळसर करडा. त्यावर पाण्यासाठी जीवरक्षक जाकीट. त्या मुलाने हे सारे शोधले होते. गुंड्यांचा रंगसुद्धा.

३/ त्याच मुलाने घडवलेले बाबुराव मात्र असे: डोक्यावर मोरपिसांचा मुकुट, कमरेला पाने, दोन साथीदारांच्या डोक्यावर गव्याची शिंगे. कारण विचारले तर म्हणाला, “ताई, आदिवासी राजा असाच दाखवतात ना?” दोष त्याचा एकट्याचा नाही. मिरवणुकीतले चित्ररथ, शाळेतली संमेलने, भिंतीवरची चित्रे यांनी हेच त्याला शिकवले आहे.

४/ मोरपिसांचा तो टोप खरा आहे, पण तो घुसाडीचा. दिवाळीच्या सुमारास राजगोंडांच्या दंडारी नृत्यात घुसाडी तो धारण करतो. त्या टोपाची पूजा होते. तो धार्मिक विधीचा भाग आहे, लढाईचा वेश नव्हे. पंढरीच्या वारकऱ्याचा टाळ आणि वीणा मावळ्याच्या हाती देऊन त्याला तोरण्यावर चढवले, तर आपण हसू. इथे आपण टाळ्या वाजवतो.

५/ शिंगांचा शिरपेचही खराच. तो प्रसिद्ध आहे दक्षिण बस्तरच्या दंडामी माडियांच्या नृत्यासाठी. मोलमपल्लीच्या राजगोंड जमीनदाराच्या सैन्यावर तो चढवणे म्हणजे जर्मन वैमानिकाला इटालियन खलाशाची टोपी घालणे. दुसरी चूक त्या मुलाने जन्मात केली नसती. पहिली त्याला चूक वाटलीच नाही, कारण ‘आदिवासी’ हा एकच गणवेश आहे असे आपण गृहीत धरतो.

६/ बाबुराव कोण होते? तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील मोलमपल्लीचे जमीनदार. (गडचिरोली १९८२ मध्ये वेगळा झाला.) १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चार वर्षांत त्यांनी शस्त्र उचलले. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना मिळाले. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुरावांना चांद्यात फाशी झाली.

७/ या तपशिलात एक गोष्ट लपलेली आहे. इंग्रजी नोंदी सांगतात की या बंडात गोंडांबरोबर रोहिलेही होते. म्हणजे ते सैन्य मिश्र होते आणि त्याचे लक्ष्य होते त्या काळचे सर्वांत नवे तंत्रज्ञान, विजेची तार. पानांचा पोशाख हे सारे पुसून टाकतो. रोहिला नाहीसा होतो, जमीनदारी नाहीशी होते, राजकारण नाहीसे होते. उरतो तो फक्त काळाबाहेरचा एक रानटी शूर.

८/ आक्षेप पहिला: “जर्मनांचे हजारो फोटो आहेत, बाबुरावांचे कुठे?” फरक मान्य. पण फोटो नसणे म्हणजे काहीही रंगवण्याचा परवाना नव्हे. २००९ च्या टपाल तिकिटावरचा चेहराही पुरावा ठरत नाही, कारण ते फाशीनंतर १५१ वर्षांनी निघाले. पुरावा तुटपुंजा असेल तर शोध अधिक कसून घ्यावा लागतो.

९/ शोधायचे कुठे? स्टीफन हिस्लॉप १८४५ पासून नागपुरात होता. गोंडांविषयीची त्याची टिपणे त्याच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये छापली गेली. ल्युसी स्मिथचा चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल १८६९ चा. फ्यूरर-हायमेनडॉर्फने नदीपलीकडच्या आदिलाबादेत राजगोंडांची छायाचित्रे घेतली, पण ती बंडानंतर सुमारे ८० वर्षांनी. तेव्हा ती नकलण्यासाठी नव्हेत, ताडून पाहण्यासाठी. आणि लक्षात ठेवा, ज्या दप्तरांत बंड ‘लूट’ म्हणून नोंदले गेले ती दप्तरे शत्रूची आहेत.

१०/ शिवाय दप्तराबाहेरही स्मृती असते. राजगोंडांची वंशगाथा किकरीवर गाणारे परधान, जमीनदार घराण्यांतल्या वस्तू, गावातली वडीलधारी माणसे. जर्मन गुंडीसाठी परदेशी अनोळखी माणसाला पत्र लिहिणारे आपण अहेरीच्या एसटीत का बसत नाही?

११/ आक्षेप दुसरा: “मोरपिसांत अस्मिता आहे, ती का काढता?” काढू नका. घुसाडी घडवा, घुसाडी म्हणूनच घडवा, तो पूज्य आहे. पण बाबुराव घडवताना तळाच्या पट्टीवर तीन ओळी लिहा: निश्चित काय, तर्काने काय, कल्पनेने काय. कल्पना करणे हा गुन्हा नाही. तिला इतिहास म्हणून खपवणे हा आहे.

१२/ विचार करा, नाझी राजवटीच्या एका अनाम वैमानिकाला आपण व्यक्ती मानले. त्याची तुकडी, त्याचा हुद्दा, त्याची गुंडी विचारली. ज्याने आपल्याच मातीत फास पत्करला त्याला मात्र आपण प्रतीक केले आणि प्रतीकाला कुणी कपडे विचारत नाही. बाबुरावांच्या पुतळीला निदान तेवढे तरी प्रश्न विचारूया, जेवढे त्या वैमानिकाला विचारले.