नवं सोवळं

सोवळं म्हटलं की आजीचं कद आणि चुलीजवळचं "शिवू नकोस" आठवतं. पण सोवळं फक्त कपड्यांचं नसतं हो. आम्हा लातूरवाल्यांना विचारा, आमच्याकडे मार्कांचंही सोवळं असतं! आणि सगळ्यात चिवट असतं ते श्रद्धेचं. 'मी देवाच्या जवळचा' असं एकदा वाटलं की बाकीचे आपोआप लांबचे होतात.

येशूने नेमकं इथेच बोट ठेवलंय. लूकच्या शुभवर्तमानात परुशी आणि जकातदाराचा दाखला आहे. परुशी उपास करतो, दशांश देतो. तरी देवापुढे नीतिमान ठरून घरी जातो तो ऊर बडवत दया मागणारा जकातदार. आता यातली मेख बघा. हा दाखला वाचून "बरं झालं, मी त्या परुश्यासारखा नाही" असं मनात आलं, की झालोच आपण परुशी!

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या, परत आल्या त्याही सोवळं सांभाळूनच. मग १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'मध्ये हे सगळं सांगताना त्या जास्त हसतात ते स्वतःलाच. आणि टिळक? आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. पलीकडे पोचल्यावर त्यांनी तो पूल जाळला नाही. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. जुनं सोवळं टाकणं अवघडच, पण नवं न नेसणं त्याहून अवघड.

हे आजही जुनं झालेलं नाही. नांदेड-लातूरकडे गणपतीत शेजारी प्रसाद घेऊन येतो. काही ख्रिस्ती घरांत तो घेत नाहीत. आता याला लगेच कट्टरपणा म्हणू नका. मराठवाड्यातल्या कित्येक ख्रिस्ती कुटुंबांच्या आज्या-पणज्यांना याच समाजाने पाणवठ्यावरून हाकललं होतं. त्यांनी 'नाही' म्हणायला शिकणं यात स्वाभिमानही आहे. प्रश्न 'नाही' म्हणण्याचा नाही, म्हणताना नजर कशी असते त्याचा आहे. "मला चालत नाही, पण तू आत ये, चहा घे" हे वेगळं आणि "तुमचं सगळं खोटं" हे वेगळं. पौलानेही करिंथच्या मंडळीला हेच बजावलं होतं: खाण्याचा प्रश्न ज्ञानाच्या तोऱ्यात नको, प्रेमाने सोडवा.

आणि हो, सोवळं दोन्ही बाजूंना असतं. जानेवारी २०२०, उस्मानाबादचं (आताचं धाराशिव) साहित्य संमेलन. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुबोध बायबल' लिहिणारा, वसईच्या हिरवाईसाठी लढणारा हा माणूस काहींना चालला नाही, का, तर धर्मगुरू म्हणून! दिब्रिटो ठाम बोलत, पण त्यांच्या बोलण्यात ज्ञानोबा-तुकोबा घरच्यासारखे येत. नम्रता म्हणजे मिळमिळीतपणा नव्हे, हे त्यांच्याकडे बघून पटतं.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर श्रद्धा ही टेस्ट केस आहे. गडबड एवढीच, की आपण ती कायम दुसऱ्याच्या कोडवर चालवतो.

आपल्या कोडवर शेवटची कधी चालवली होती?