पिंजऱ्यातली जोडी आणि बारा आठवड्यांचं गणित

दिवसभर घरी कोणी नसतं, म्हणून कुत्रा नको. घरमालकाची अट आहे, म्हणून मांजर नको. मग मुलांच्या हट्टापुढे तडजोड म्हणून परदेशातल्या आपल्या घरांत हॅमस्टर येतो, गिनी पिग येतो, कधी पाळीव उंदीर येतात. यात मला काहीच गैर वाटत नाही. हे प्राणी हुशार असतात, छान माणसाळतात. माझं भांडण आहे ते दुकानात ऐकू येणाऱ्या एका वाक्याशी : "दोन घेऊन जा, एकट्याला करमणार नाही. दोन्ही माद्याच आहेत." हे वाक्य तुमच्या कानावर आलं तर खिशातलं पाकीट खिशातच राहू द्या आणि आधी पुढचं गणित करून बघा.

समजा, दोन छोटे उंदीर घरी आणले आणि त्यातला एक नर निघाला. आकडे मुद्दाम कमीच धरू. उंदरीण साधारण वीस दिवसांत विते, पण आपण चार आठवड्यांनी एक वेत धरू. एका वेताला सहा पिल्लं, निम्मे नर, निम्म्या माद्या. पिल्लं पाच-सहा आठवड्यांत वयात येतात, पण आपण धरू की मादी बारा आठवड्यांची झाल्यावरच पहिल्यांदा विते. आता मोजा. चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात सहा-सहा पिल्लं. तीन महिने होत आले तरी पिंजऱ्यात वीसच उंदीर. गर्दी आहे, वास आहे, पण "बघू काहीतरी" म्हणण्यासारखी स्थिती आहे. सोळाव्या आठवड्यात पहिल्या वेतातल्या तीन मुलीही आईबरोबर वितात, म्हणजे चोवीस पिल्लं. विसाव्या आठवड्यात सात माद्या, बेचाळीस पिल्लं. चोविसाव्या आठवड्यात दहा माद्या, साठ पिल्लं. एकूण 146. त्यानंतर चारच आठवड्यांनी 278.

पहिले बारा आठवडे माणसाला फसवतात ते असे. वाढ सरळ रेषेत चालली आहे असं वाटतं, कारण तोपर्यंत एकटी आईच वीत असते. लेकींची पाळी आली की रेषा वळते, आणि ती वळलेली लक्षात येईपर्यंत पुढची दोन वेतं पोटात असतात. प्रत्यक्षात काही पिल्लं मरतात, गर्दीत माद्या पिल्लं खातात, त्यामुळे आकडा कागदावरच्याइतका चढेलच असं नाही. पण "आकडा खाली आला" याचा अर्थ तुमच्या मुलांच्या खोलीत काय घडलं, तेही लक्षात घ्या.

यात उंदरांचा दोष काय? काहीच नाही. गव्हाणी घुबड एका रात्रीत कितीतरी उंदीर उचलतं. शेतात धामण असते, गावात मांजर असतं, मुंबईत तर महापालिकेची माणसं रात्री काठ्या घेऊन उंदीर मारायला निघतात. बाहेरच्या बहुतेक उंदरांना वर्षही पुरं करता येत नाही. तेवढे मरूनही वंश चालावा, या हिशेबाने त्यांचं शरीर घडलं आहे. उंदीर, घूस-उंदरासारखे मोठे पाळीव उंदीर, जर्बिल आणि गिनी पिग या सगळ्यांच्या माद्या व्याल्यानंतर काही तासांतच पुन्हा माजावर येतात. एक वेत दूध पीत असतं, दुसरं पोटात वाढत असतं. आपण पिंजरा आणतो, दाणे घालतो, थंडीत हीटर लावतो आणि मरणाची बाजू जवळजवळ पुसून टाकतो. जन्माची बाजू मात्र होती तशीच राहते. ज्याने घुबडाला हिशेबातून काढलं, त्यानेच घुबडाचा हिशेब सांभाळायला हवा. हे काम कोणावर ढकलता येत नाही.

"अहो, पण ते बहीणभाऊ आहेत," असं अनेक जण म्हणतात. या समजुतीचं उत्तर आज जगभरच्या पिंजऱ्यांत चाकावर धावतं आहे.

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल ॲडलर नावाचे परजीवीशास्त्रज्ञ लिश्मानियाच्या रोगांवर काम करत होते. बिहार-बंगालमध्ये ज्याने पिढ्यानपिढ्या माणसं नेली तो काळा आजार याच कुळातला. प्रयोगांसाठी त्यांना चिनी हॅमस्टर लागायचे आणि ते त्यांच्याकडे काही केल्या पिल्लं घालत नसत. म्हणून 1930 साली प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी सीरियात अलेप्पोजवळ स्थानिक सोनेरी हॅमस्टर शोधायला गेले. एका शेतात खोल खणल्यावर एक आई आणि अकरा पिल्लं सापडली. घाबरलेल्या आईने पिल्लं मारायला सुरुवात केली, तेव्हा तिलाच मारावं लागलं. उरलेल्यांपैकी काही पुढे लाकडी पिंजरा कुरतडून पळाली. शेवटी हातात राहिली ती मोजकी भावंडं. त्यांचीच जोडी लावली आणि वर्षभरात दीडशेच्या घरात हॅमस्टर झाले. 1931 मध्ये त्यातले काही ॲडलर यांनी ब्रिटनमध्ये आणले. आज दुकानात मिळणारा जवळपास प्रत्येक सोनेरी हॅमस्टर त्या एका बिळातल्या भावंडांचा वंशज आहे. नाती-गोती, गोत्र, भावकी या गोष्टी त्यांच्या जगात नाहीत. आई आणि मुलगा हेही एक जोडपंच असतं.

(जाता जाता : सीरिया-तुर्कस्तानच्या सीमेवर, मूळ घरी, हाच प्राणी आज धोक्यात आहे. पिंजऱ्यात नकोसा झालेला आणि शेतात दिसेनासा झालेला, असा प्राणी विरळाच.)

आता त्या "दोन्ही माद्याच आहेत"कडे येऊ. लहान पिल्लाचं लिंग ओळखणं सरावाचं काम आहे. मूत्रमार्ग आणि गुदद्वार यांच्यातलं अंतर बघावं लागतं. ते नरात जास्त, मादीत कमी, आणि शेजारी दुसरं पिल्लू नसेल तर तुलना कशाशी करणार? दुकानात शनिवारच्या गर्दीत एका हाताने पिल्लू पकडून, दुसऱ्या हाताने खोका उघडणाऱ्या विशीतल्या पोराकडून ही अचूकता मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. दुसरं असं की, खरोखर मादी असली तरी ती दुकानातल्या सामायिक पिंजऱ्यातच गाभण झालेली असू शकते. सोनेरी हॅमस्टरचा गर्भकाळ अवघा 16 दिवसांचा. इतका कमी काळ सस्तन प्राण्यांत क्वचितच आढळतो. एकच हॅमस्टर आणला आणि दुसऱ्या आठवड्यात पिंजऱ्यात गुलाबी शेंगदाणे वळवळताना दिसले, असं घडतं ते यामुळे. माझं स्पष्ट मत आहे की, लिंगाची लेखी खात्री न देता हे प्राणी विकायला परवानगीच नसावी आणि खात्री चुकली तर पिल्लांसकट परत घेण्याची जबाबदारी विकणाऱ्याचीच असावी. खेळणं बिघडलं तर आपण पावती दाखवतो. इथे बिघाड दर महिन्याला दुप्पट होत जातो.

"एकट्याला करमणार नाही" हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त घातक. सोनेरी हॅमस्टर एकांडा प्राणी आहे. सहा-आठ आठवड्यांचा झाला की त्याला वेगळंच ठेवायचं, नाहीतर ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात, जीवही घेतात. त्याच्यासाठी जोडी ही दया नव्हे. उलट उंदीर आणि गिनी पिग कळपात राहणारे आहेत, त्यांना एकटं ठेवणं खरोखर क्रूर. स्वित्झर्लंडमध्ये 2008 पासून गिनी पिगसारख्या समाजप्रिय प्राण्यांना सोबत देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. मग सोबत द्यायची कशी? दोन माद्या, किंवा खच्ची केलेला नर आणि माद्या. नर उंदरांचं आपसात पटेलच असं नाही. पण यातलं काहीही निवडलं तरी लिंग तपासायचं ते छोट्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून, घरी आणल्याच्या पहिल्या आठवड्यात. त्या तपासणीचे पैसे प्राण्याच्या किमतीपेक्षा जास्त होतील. ते परवडत नसेल तर प्राणीही परवडत नाही, असं समजायला हरकत नाही.

"एकदा पिल्लं होऊ दे, मुलांना जन्म बघायला मिळेल" हा युक्तिवाद सुशिक्षित घरांतच जास्त ऐकू येतो. गिनी पिगच्या बाबतीत तर तो मादीच्या जिवावर बेततो. गिनी पिगची पिल्लं जन्मतःच मोठी, केसाळ, डोळे उघडे असलेली असतात, दुसऱ्या दिवशी गवत कुरतडतात. एवढं पिल्लू बाहेर यायला मादीच्या कटीची हाडं सैल व्हावी लागतात. पहिलं वेत सात-आठ महिन्यांच्या आत झालं नसेल, तर तो सांधा बरेचदा पुरेसा सैल होत नाही. पिल्लं अडतात आणि मादी मरू शकते. आणि समजा सगळं सुरळीत पार पडलं, तर नवव्या आठवड्यात त्या पिल्लांचं काय करणार, हेही मुलांसमोर बोलायला हवं. त्यांना घेणारी घरं तुम्हाला वाटतात तितकी नसतात. प्राणी-आश्रयकेंद्रांत आधीच रांगा असतात, आणि "मोफत देणे आहे" अशी जाहिरात वाचून येणाऱ्यांत साप पाळणारेही असतात.

आता आपल्या लोकांविषयी थोडं. आपण गणपतीपुढे उंदराला मोदक ठेवणारी माणसं. घरात उंदीर झाला तर पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा लावायचा, अडकला की दूरच्या माळावर नेऊन सोडायचा आणि हात जोडायचे. जीव मारला नाही याचं समाधान. ही सवय घेऊन कोणी हॅमस्टर बागेत सोडू नका. तो प्राणी पिंजऱ्यात जन्मलेला, बीळ नाही, साठवण नाही. बहुतेक काही दिवसांतच मांजराच्या किंवा थंडीच्या तावडीत सापडतो. आणि जो सापडत नाही, तो त्याहून मोठा प्रश्न. फ्लोरिडाच्या टोकाला ग्रासी की नावाचं छोटं बेट आहे. तिथे कोणाच्या तरी पैदासकेंद्रातून आफ्रिकेतले मांजराएवढे गॅम्बियन उंदीर बाहेर पडले आणि रानात वाढू लागले. ते संपवायला सरकारी यंत्रणा वर्षानुवर्षं विषारी आमिषं लावत बसली आहे. हवाई बेटांवर हॅमस्टर आणि जर्बिल पाळायलाच बंदी आहे, कॅलिफोर्नियात जर्बिलला, ती याच धास्तीने. इथे ब्रिटनमध्ये 2006 च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकताही येत नाही, आणि प्राण्याचे हाल झाले तर जबाब आई-वडिलांनाच द्यावा लागतो. मुलाच्या वाढदिवसाचा हॅमस्टर कायद्याच्या दृष्टीने तुमचा हॅमस्टर असतो.

घ्यायचाच असेल तर दुकानाऐवजी आश्रयकेंद्रातून घ्या. चांगली केंद्रं मादी गाभण नाही याची खात्री होईपर्यंत तिला देत नाहीत आणि लिंग तपासूनच देतात. तुमच्या शहरात असं केंद्र आहे का, हे शोधायला दहा मिनिटं पुरतात.

आणि हे वाचताना तुमच्याकडे आधीच पिल्लं झाली असतील तर आज संध्याकाळीच बापाला वेगळा करा, उद्यावर टाकू नका, कारण उंदरीण किंवा गिनी पिग असेल तर ती कदाचित पुन्हा गाभण झालीही असेल. हॅमस्टरचं घरटं मात्र काही दिवस अजिबात चाळवू नका, आई पिल्लं खाते. कॅलेंडरवर जन्मतारखेवर खूण करा. गिनी पिगचे नर तीन आठवड्यांचे झाले की आई-बहिणींपासून बाजूला, उंदीर आणि हॅमस्टर चार आठवड्यांना, मोठे पाळीव उंदीर पाचव्या आठवड्याच्या आत. ओळख पटत नसेल तर पशुवैद्याला फोटो नको, पिल्लंच दाखवा. नराचं खच्चीकरण केलं तरी त्याला लगेच माद्यांत सोडू नका. त्याच्या शरीरात शिल्लक राहिलेले शुक्राणू आणखी काही आठवडे कामाचे असतात, म्हणून सहा आठवडे शेजारच्या पिंजऱ्यात, जाळीतून एकमेकांना दिसेल असा ठेवा.