शब्दच दार लावतात



इंटरनेटवरच्या नावा-पत्त्यांचा कारभार १९९८ साली स्थापन झालेली 'आयकॅन' ही संस्था पाहते. तिच्या डोमेन नावांच्या धोरण परिषदेत २००९ पासून गटवार जागा आहेत. व्यापारी वापरकर्त्यांच्या गटाला सहा जागा, नफ्यासाठी काम न करणाऱ्यांच्या गटालाही सहाच. या दुसऱ्या गटात आपल्यासारख्या संघटनांना जागा आहे.

पण ती मराठीत सांगायची कशी? 'स्टेकहोल्डर'ला सर्रास 'भागधारक' म्हणतात. भागधारक म्हणजे कंपनीचे शेअर घेणारा. जितके शेअर तितकी मते. 'कॉन्स्टिट्यूअन्सी'चा 'मतदारसंघ' केला की डोळ्यांपुढे तालुका येतो. 'नॉन-कमर्शियल'चे 'अव्यावसायिक' केले तर आपण कामात कच्च्या ठरतो! 'हितसंबंधी'ला स्वार्थाचा वास येतो.

'भागधारकांची सभा' ऐकून बचत गटातली बाई म्हणेल, आपला कुठे भाग? आणि हक्काची जागा रिकामी राहील.

मी सुचवते: 'संबंधितांचा गट', त्यातला 'मतदार उपगट' आणि 'बिगर-व्यापारी'. हे शब्द आपल्या बैठकीत वाचून दाखवा. फोड करून सांगावी लागली, तर बायकांनाच दुसरा शब्द विचारा आणि तो आम्हाला कळवा.