चतुरवर हसणं थांबवा

गेल्या उन्हाळ्यात कोराडीला आपण दहावी-बारावीच्या मुलांसाठी मार्गदर्शन शिबिर घेतलं. दुपारच्या जेवणानंतर मुलं पेंगायला लागली, म्हणून पडद्यावर 'थ्री इडियट्स' लावला. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो.

पुढच्या रविवारी अभ्यासवर्गात अकरावीच्या एका मुलाला संवेग अक्षय्यतेचा नियम विचारला. घरी उर्दू, दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि आता सगळं सायन्स इंग्रजीत, अशा वाटेनं आलेला हा पोरगा. त्यानं डोळे मिटले आणि पुस्तकातली चार वाक्यं इंग्रजीत जशीच्या तशी म्हटली. मागून आवाज आला, "अरे चतुर!" वर्ग खो-खो हसला. मुलगा मुळातच मितभाषी. त्या दिवसापासून तो वर्गात बोलतच नाही. उत्तर येत असलं तर वहीत लिहितो आणि वही माझ्याकडे सरकवतो.

म्हणून चळवळीतल्या साथींना स्पष्ट सांगतो, हा सिनेमा शिबिरात दाखवू नका.

उत्तर काय येईल ते मला ठाऊक आहे. राजकुमार हिरानी आपल्या नागपूरचे, सिनेमाचा संदेश चांगला, आईबाप शहाणे होतात. शिवाय त्यात फरहान कुरेशी नावाचा नायक आहे, जो डॉन नाही आणि अतिरेकीही नाही, चक्क इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहे. 2009 साली मलाही त्याचं अप्रूप वाटलं होतं, आजही वाटतं. पण आपली मुलं पडद्यावर फरहान बघून घरी येतात आणि वर्गात त्यांना चतुर ठरवलं जातं, त्याचं काय?

चतुर रामलिंगम कोण होता ते आठवा. युगांडात जन्मलेला, पाँडिचेरीत शिकलेला, हिंदी धड न येणारा. त्याला भर सभेत हिंदीत भाषण करायचं असतं. न येणारी भाषा तो पाठ करतो. रँचो त्यातले शब्द बदलतो, 'चमत्कार'च्या जागी 'बलात्कार' घालतो आणि अख्खं सभागृह लोळून हसतं. (आपल्या शिबिरात मुलीही बसलेल्या असतात, हे दाखवणाऱ्याच्या लक्षात कसं आलं नाही?) विनोद कशावर आहे? परक्या भाषेत उभं राहायची वेळ आलेल्या माणसाच्या असहायतेवर.

त्याच सिनेमात मशीनची व्याख्या विचारली जाते. रँचो सोप्या शब्दांत सांगतो आणि वर्गाबाहेर काढला जातो, चतुर पुस्तकातलं म्हणतो आणि शाबासकी मिळवतो. टाळ्या रँचोला. पण स्वतःच्या शब्दांत सांगायला आधी ती भाषा स्वतःची असावी लागते. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी व्हायवाची उत्तरं रात्रभर पाठ करायचो. समजत नव्हतं म्हणून नव्हे. समजलेलं इंग्रजीत बाहेर काढता येत नव्हतं म्हणून. परीक्षकानं एक शब्द इकडचा तिकडे केला की मी गार. रट्टा ही माझी काठी होती. दुसऱ्या वर्षानंतर ती हळूहळू सुटली. कोणी हसलं असतं तर सुटली नसती, मीच कॉलेज सोडलं असतं.

राजू रस्तोगीचं तर मला आणखी वाईट वाटतं. भित्रा, हातात अंगठ्या, देवाला साकडं घालणारा. लकव्यानं पडलेला बाप, लग्नाची बहीण, पैशाला महाग झालेली आई. दिग्दर्शक त्याचं घर ब्लॅक अँड व्हाइटमध्ये दाखवतो, जुन्या रडक्या सिनेमाची नक्कल करत. गरिबी हा तिथे गमतीचा भाग. मग राजू खिडकीतून उडी मारतो, वाचतो, इंटरव्ह्यूला खरं बोलतो आणि नोकरी मिळवतो. म्हणजे भीती मनात होती, ती काढून टाकली की झालं!

कोराडीत भीती मनात नसते, घरखर्चात असते. इथे वीज केंद्रात 660 मेगावॅटचे तीन संच चालतात आणि चिमण्यांखालच्या वस्तीत कितीतरी अब्बा कंत्राटावर राबतात. असा बाप पोराला 'इंजिनिअर हो' म्हणतो तेव्हा तो फरहानचा बाप नसतो. फरहानच्या घरी एसी होता, लॅपटॉप परत करून कॅमेरा घेता आला. इथे परत करण्यासारखं काही नाही.

आणि ही भीती हवेतून आलेली नाही. सच्चर समितीनं 2006 साली सांगितलं की वीस वर्षांवरच्या मुस्लिमांत पदवीधर किंवा पदविकाधारक चार टक्क्यांहूनही कमी. 2014 मध्ये महाराष्ट्रात पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयानं नोकऱ्यांतलं आरक्षण थांबवलं, पण शिक्षणातलं राहू दिलं. नव्या सरकारनं तो अध्यादेश पुढे नेलाच नाही. 2022 मध्ये पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती गेली आणि मौलाना आझाद फेलोशिपही बंद झाली. या सगळ्याचं दडपण ज्याच्या पाठीवर आहे, त्याला 'काबिल बन' सांगून आपण घरी जातो.

कोणी म्हणेल, रट्ट्याचं समर्थन करतोस का? नाही. रट्टा वाईट शिक्षण आहे. पण तो मुलाचा दोष नाही, त्याला दोन वर्षांत भाषा बदलायला लावणाऱ्या व्यवस्थेचा आहे. आणि खुद्द हिरानींच्या वडिलांची नागपुरात टायपिंग इन्स्टिट्यूट होती. टायपिंग म्हणजे तरी काय? तीच अक्षरं हजारदा बडवणं. त्या बडवण्यावर किती घरांत चुली पेटल्या असतील.

पुढच्या शिबिरात दुपारचे ते तीन तास मला द्या. अकरावीच्या भौतिकशास्त्राचे शंभर शब्द मराठी, उर्दू आणि इंग्रजीत समोरासमोर लिहिलेला तक्ता मी तयार करतोय. साठ झालेत. उर्दूचे शब्द तपासायला कोणी शिक्षक मिळाले तर हवेत. आणि पुन्हा कोणाला सिनेमाच लावायचा असेल, तर भाषणाच्या प्रसंगाला तो थांबवा आणि विचारा, गेल्या आठवड्यात न समजता इंग्रजी कोणी कोणी पाठ केलं? पहिला हात मी वर करीन.